पीएसएम घेतलं म्हणून काय झालं

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर जे काही चाललं होतं ते बघून मी दोन दिवस ग्रुपच म्यूट केला. पुतणीला पीजीला पीएसएम मिळालं, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन, आणि तिने ते हौसेने घेतलं, पुढे कॅन्सर एपिडेमिऑलॉजी करायचीये म्हणे, म्हणजे कॅन्सर कुणाला, किती आणि कशामुळे होतो त्याचा अभ्यास. झालं. "पेशंट बघणार नाही ती कसली डॉक्टर?" "स्थळाकडच्यांना सांगायचं काय?" मग दादा माझ्यावर, "आत्या म्हणून तू तरी सांग, करायचंच असेल तर तुझ्याकडे इंग्लंडला येऊन कर म्हणावं, आपल्याकडे रिसर्चला कोण कुत्रं विचारतं."

मी बर्मिंगहॅमला रेडिओग्राफर, अकरा वर्षं झाली. एक्सरेच्या आधी बायकांना दिवसभर एकच प्रश्न विचारायचा, प्रेग्नंट असण्याची शक्यता आहे का? आता तो झोपेतही तोंडातून येईल. हा प्रश्न का विचारायचा हे जिच्यामुळे जगाला कळलं ती अ‍ॅलिस स्ट्युअर्ट, ऑक्सफर्डहून रिटायर झाल्यावर १९७४ साली याच शहरातल्या युनिव्हर्सिटीत आली आणि पुढे कित्येक वर्षं कामच करत राहिली.

तर हीसुद्धा आधी चांगली क्लिनिकल डॉक्टर होती बरं का. ते सोडून ऑक्सफर्डला सोशल मेडिसिनमधे आली, म्हणजे त्यांचं पीएसएमच म्हणा. १९५० साली तिचे बॉस जॉन राइल वारले आणि युनिव्हर्सिटीने डिपार्टमेंटच आवळलं. प्रोफेसर काही तिला केलं नाही, रीडर या त्याखालच्या पोस्टवरच ठेवलं. नवऱ्याबरोबरचं लग्नही त्याच दशकात मोडलं, दोन मुलं होती. लहान मुलांमधे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, वाढताना दिसत होता, का ते कुणालाच सांगता येईना, आणि हिचं म्हणणं असं की डॉक्टरला जे आठवणार नाही ते आईला आठवेल, आयांना विचारू या. या असल्या कामाला पैसे कोण देणार?

दिले कुणी माहितीये? लेडी टाटा ट्रस्टने. १००० पौंड! सर दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या, त्यांच्या नावाने पुढच्या वर्षी निघालेला हा मुंबईचा ट्रस्ट. म्हणजे ज्या ऑक्सफर्डचं नाव काढलं की आमचा ग्रुप हात जोडतो, तिथल्या बाईला ऑक्सफर्डने नाही, मुंबईच्या पैशाने तारलं.

त्या पैशात ती ट्रेनने गावोगावच्या हेल्थ ऑफिसरांना भेटली, प्रश्नांचे कागद त्यांच्या गळ्यात मारले आणि त्यांच्या माणसांनी घरोघरी जाऊन, कॅन्सरने मूल गेलेल्या आणि मूल धडधाकट असलेल्या, दोन्ही आयांना तेच प्रश्न विचारले. पाळीव प्राणी, खाऊच्या रंगीत गोळ्या, काय वाट्टेल ते, त्यातच एक, पोटुशी असताना एक्सरे काढला होता का? कॅन्सरने मूल गेलेल्या आया जवळजवळ दुप्पट वेळा हो म्हणाल्या. १९५६ ला पहिली बातमी, १९५८ ला सविस्तर पेपर, आणि मग काय, सगळे हिच्यावर. दुःखी आई काहीही आठवते, असं म्हणायचे. सिगारेट आणि कॅन्सरचा संबंध दाखवणारे रिचर्ड डॉल, त्यांच्याही १९६० च्या अभ्यासात हा धोका दिसला नाही, म्हणजे हिची अजूनच पंचाईत. हार्वर्डच्या मॅकमेहन यांनी १९६२ मधे आयांच्या आठवणी बाजूला ठेवून हॉस्पिटलची रेकॉर्डं तपासली, कॅन्सरमधे वाढ दिसलीच, तरी पोटुशीचा एक्सरे काढायची डॉक्टरांची सवय बदलायला अजून बरीच वर्षं गेली.

दादाचं सगळंच चुकतंय असं नाही. इथे पेशंटचं रेकॉर्ड एका नंबरवर सापडतं, तिकडे पुतणीची अर्धी उमर फायली शोधण्यात जाईल, आणि पगाराचं तर बोलायलाच नको. पण आपल्याकडे कोण विचारतं म्हणणारे आम्ही सगळे बार्शीचे! बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सर पेशंटची नोंदवही, आहे, पेशंट येत नाही म्हणून माणसं परांडा-भूमच्या गावांत जाऊन नोंदी करायची. तिथल्याच टीमने टाटा हॉस्पिटलबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव, १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा एचपीव्ही टेस्ट, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या व्हायरसची तपासणी, केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात हे २००९ मधे त्यातून जगाला कळलं. तुलनेच्या गटाला टेस्ट दिली नाही यावरून टीकाही झाली, ती मला पटते, पण तो वाद घालायलासुद्धा पीएसएमवालीच लागते ना. ग्रुपवर हे टाकलं तर दोन अंगठे आले आणि खाली काकूंचा गुड मॉर्निंगचा गुलाब.

पुतणीला मी इकडे ये म्हटलं नाही, येऊ नको पण म्हटलं नाही. फक्त अ‍ॅलिसबाईंची गोष्ट फोनवर सांगितली, तासभर. शेवटी ती म्हणे, "आत्या, त्यांना प्रोफेसर केलंच नाही का ग कधी?"

परवा जॉइन झाली. नीटचा रिझल्ट लागला तेव्हा पेढ्याच्या बॉक्सचा फोटो टाकणाऱ्या दादाने अजून ग्रुपवर काही टाकलेलं नाही.