आजोबांची रॅले ‘नवी कोरी’ करण्याआधी: एका फिरत्या मेसेजला उत्तर

जुन्या इंग्लिश सायकली जपणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सल्ले ठरलेले. फ्रेम सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग मारा. गंजावर टॉयलेट क्लीनर नाहीतर कोला ओता. तीन गिअरच्या हबात (मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात) ग्रीस ठासून भरा. पार्ट कुठल्याही सायकलीचे बसतात. कॉटर, म्हणजे पॅडलची दांडी (क्रँक) आसाला धरून ठेवणारी पिन, हातोडीने उडवा. कातडी सीट रात्रभर खोबरेल तेलात ठेवा. रॉड ब्रेक (केबलऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे) काढून साधे ब्रेक लावा. हबवरचा आकडा म्हणजे सायकलीचं वर्ष. आणि अशी चकचकीत केलेली ‘मेड इन इंग्लंड’ सायकल लाखांत जाते.

उत्तर देताना मेसेजचा क्रम पाळलेला नाही. जे नुकसान भरून निघत नाही ते आधी घेतलं आहे.

‘रंग काढा, पावडर कोटिंग करा’

रॅले, हंबर, रज, बीएसए यांच्या काळ्या फ्रेमवरचा रंग हा भट्टीत भाजलेला इनॅमल आहे. त्यावर सोनेरी रेघा, हेडट्यूब (हँडलखालची नळी) आणि सीटट्यूबवर ट्रान्सफर (छापातून उतरवलेली चित्रं-अक्षरं), आणि त्यांवर वार्निश. सँडब्लास्टिंग हे सगळं काही मिनिटांत उडवतं. नंतर चिकटवलेले छापील स्टिकर दोन हात लांबूनही ओळखू येतात.

भट्टीच्या उष्णतेने फ्रेम मऊ पडते, असं काही जण घाबरवतात. तेही खरं नाही. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते, आणि लगांच्या (फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या बाह्यांच्या) सांध्यातलं पितळ वितळायला ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. अडचण थराच्या जाडीची आहे. हा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा बसतो. झाकायला विसरलेले आटे भरून जातात, सीटपोस्ट आत जात नाही, रॉड ब्रेकचे सांधे अडकतात. बऱ्याच रॅलेंचा सीरियल नंबर सीट लगवर उथळ ठोकलेला असतो. ब्लास्टिंगने तो झिजतो आणि उरलेला रंगाखाली बुजतो. सायकलीची ओळख सांगणारी हीच खूण असते, हे काम देणाऱ्याच्या बहुधा लक्षात येत नाही.

खरं काम कंटाळवाणं आहे. आधी कोमट पाणी आणि साबण. तेलकट काळ्या थरावर रॉकेलमध्ये भिजवलेलं सुती फडकं. मग कारचं सौम्य पॉलिश, पण रेघा आणि ट्रान्सफर सोडून. शेवटी मेणाचे दोन हात. आपल्याकडे घरोघरी दाराखिडक्यांचा उरलेला ऑइल पेंट ब्रशने सायकलीला मारलेला सापडतो. त्याखाली मूळ रंग शाबूत असण्याची शक्यता चांगली असते, कारण भाजलेला इनॅमल ब्रशच्या रंगापेक्षा कितीतरी कडक असतो. बॉटम ब्रॅकेटच्या (फ्रेममधल्या, पॅडलचा आस बसतो त्या भागाच्या) खालच्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथे टर्पेंटाइनचं फडकं अर्धा तास ठेवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून पाहा. वरचा थर सुरकुतून निघाला आणि खाली काळी चमक दिसली, तर पूर्ण फ्रेम याच पद्धतीने सुटते. थिनर वापरू नका. तो दोन्ही थर मऊ करतो.

नवा रंग कधीच देऊ नये असं नाही. निम्म्याहून जास्त फ्रेम उघडी पडून गंजली असेल, किंवा नळी वाकून दुरुस्त करावी लागली असेल, तर जरूर द्या. पण तेव्हाही स्टोव्ह इनॅमल, म्हणजे भट्टीत भाजलेला रंग, निवडा आणि सीरियल नंबरावर आधी टेप लावा.

क्रोमचंही तेच. नव्या क्रोमआधी बफिंग होतं, आणि हबवरची अक्षरं बफखाली पुसट होतात. शिवाय १९३० च्या आधीच्या सायकलींवर निकेल असायचं, त्याची झाक किंचित पिवळसर. अशा सायकलीवर निळसर क्रोम चढवलं की जाणकार लगेच ओळखतो.

‘गंजावर टॉयलेट क्लीनर किंवा कोला’

बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते गंज खातं हे खरं, पण क्रोमही खातं. हँडल त्या दिवशी चमकतं, आणि महिन्याभरात डागांतून पुन्हा तांबूस होतं, कारण खालचं पोलाद उघडं पडलेलं असतं. लगांच्या फटीत शिरलेलं ॲसिड धुऊन निघत नाही आणि आतून काम करत राहतं. कोल्यातलं फॉस्फोरिक ॲसिड फार पातळ, साखर मात्र भरपूर. चिकटपणा तेवढा मिळतो.

ऑक्झॅलिक ॲसिडची पूड रसायनांच्या दुकानात मिळते. लिटरमागे २० ग्रॅम प्रमाण पुरे. पूड पाण्यात टाका, पाणी पुडीवर ओतू नका. रबरी हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवी, कारण ते विषारी आहे आणि पुडीची धूळ नाकात जाऊ नये. क्रोमचे आणि काळे इनॅमल केलेले पोलादी भाग त्यात १२ ते २४ तास ठेवता येतात, मात्र दर काही तासांनी पाहायचं. ॲल्युमिनियम आणि कातडं त्यात घालायचं नाही. हिरव्या किंवा इतर रंगाच्या फ्रेमवर आणि ट्रान्सफरवर आधी कोपऱ्यात चाचणी घ्या. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, स्वच्छ धुवा, लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. मागे राहणारी पिवळट पूड म्हणजे लोहाचं ऑक्झॅलेट. ती ओल्या फडक्याने निघते. क्रोमवर फक्त ठिपके असतील तर एवढाही खटाटोप नको. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला तरी भागतं.

‘हबात ग्रीस भरा, कायमचं काम’

हा सल्ला सर्वात जास्त सायकली बंद पाडतो. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब १९३६ मध्ये आला आणि नॉटिंगहॅममधून दशकानुदशकं निघत राहिला. त्याच्या तीन गिअरांत चाक मागच्या दातेरी चक्राच्या ७५, १०० आणि १३३ टक्के वेगाने फिरतं. आत छोट्या स्प्रिंगांवर बसलेले पॉल (जोर पकडणारे खटके) असतात आणि त्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक. घट्ट ग्रीसमध्ये पॉल उठतच नाही, मग पॅडल मोकळं फिरतं किंवा जोर लावला की घसरतं. हबाच्या अंगावर तेलाची छोटी टोपी असते. कंपनीने ती उगाच ठेवलेली नव्हती.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या हबात टोपीतून दोन चमचे रॉकेल घाला, चाक दोन्ही बाजूंना आडवं करून फिरवा आणि रात्रभर निथळू द्या. काळं पाणी येणं थांबेपर्यंत हे पुन्हा करा. मग एसएई २० किंवा ३० चं मोटर ऑइल, एक चमचा. पुढे महिन्याला चार-पाच थेंब. शिवणयंत्राचं पातळ तेल लवकर गळून जातं, आणि घरगुती बहुउपयोगी तेलं वाळून चिकट होतात. ग्रीसची जागा फक्त दोन्ही टोकांच्या छऱ्यांत, आणि तीही बेताची.

‘गिअर घसरतो, हब गेला’ असं म्हणून पुष्कळ हब भंगारात गेले. दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. एडब्ल्यूमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक मोकळी जागा आहे, तिथे पॅडलला काहीच पकडत नाही. केबल ढिली झाली की दुसऱ्या गिअरमधला हब त्या मोकळ्या जागेत सरकतो. उभं राहून चढ चढणारा माणूस तेव्हा सरळ दांडीवर आदळतो. ट्रिगर (हँडलवरचा गिअरचा खटका) मधल्या खुणेवर ठेवा. उजव्या ॲक्सल नटला एक खिडकी असते, तीतून पाहा. गिअर केबलची बारीक साखळी जिथे हबातल्या इंडिकेटर रॉडला जोडली जाते, ते रॉडचं टोक ॲक्सलच्या टोकाच्या बरोबरीला यायला हवं. आत गेलं असेल तर केबल घट्ट करा, बाहेर आलं असेल तर सैल. हब उघडलाच असेल तर उजवा कोन (छऱ्यांवर बसणारा शंकूसारखा नट) बोटाने घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्या आणि लॉक करा. बाकीचं जुळवणं डाव्या कोनाने, रिमला हाताने जेमतेम जाणवेल एवढं ढिलेपण ठेवून.

‘पार्ट कुठल्याही सायकलीचे बसतात’

२८ × १½ चा टायर आपल्या साध्या काळ्या सायकलींमुळे इथे अजून सहज मिळतो, तेवढ्यापुरतं हे खरं. पण त्या टायरच्या बीडचा (रिममध्ये बसणाऱ्या कडेचा) व्यास ६३५ मिलिमीटर आहे. ७०० सी चा टायर ६२२ चा, आणि त्यावरही कधीकधी २८ लिहिलेलं असतं. तसंच २६ × १⅜ म्हणजे ५९०, तर माउंटन बाइकचा २६ म्हणजे ५५९. टायर मागताना हे मिलिमीटरचे आकडेच सांगा.

खरा घोळ आट्यांत आहे. इतर इंग्लिश कारखाने बॉटम ब्रॅकेट आणि हेडसेटला (हँडलच्या बेअरिंगला) इंचाला २४ आटे घालायचे, रॅले नॉटिंगहॅममध्ये २६ घालायची. बॉटम ब्रॅकेटमध्ये छरे धरणाऱ्या कपाचा व्यास दोन्हींत तोच, १⅜ इंच, त्यामुळे चुकीचा कप पहिला दीड फेरा छान जातो आणि मग अडतो. तिथे पान्ह्याला पाइप लावून जोर दिला की फ्रेमचे आटे गेले. जुन्या कपावर पट्टी ठेवून अर्ध्या इंचात आटे मोजा: १३ आले तर रॅलेचा, १२ आले तर इतरांचा. शक्यतो जुनेच कप साफ करून वापरा. छरे मात्र नवे घाला, बॉटम ब्रॅकेटला प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ११. उजवा कप उलट आट्यांचा असतो आणि काढावा लागतच नाही. फडकं आत घालून जागेवरच पुसता येतो.

‘कॉटर हातोडीने उडवा’

ठोकावं लागतं कधीकधी, पण क्रँकखाली आधार देऊन. एक जाड लोखंडी पाइप जमिनीवर उभा करा, त्याचं तोंड कॉटरच्या डोक्याभोवती येईल असा, आणि क्रँक त्यावर टेकवा. नाहीतर प्रत्येक घाव छऱ्यांतून कपात जातो आणि कपाला खड्डे पडतात. नंतर पॅडल मारताना जी खरखर जाणवते ती तीच. नट आधी पिनेच्या टोकाच्या बरोबरीला आणा, म्हणजे आटे चेपत नाहीत. आदल्या दिवशी भेदक तेल सोडा. कॉटर प्रेस मिळाला तर उत्तमच.

बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने जातात. क्रँक आडवे असताना एकीचा नट वर, दुसरीचा खाली. तसं नसेल तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. रॅलेला सहसा ९.५ मिलिमीटरची पिन लागते, काही इतर सायकलींना ९ ची. पिन प्रेसने किंवा ठोकून घट्ट बसवायची असते, नट फक्त तिला धरून ठेवतो. नटाने ओढून बसवलेली पिन काही किलोमीटरांत खडखडू लागते. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा दाबून घ्या.

सीट आणि ब्रेक

ब्रुक्सची कातडी सीट खोबरेल तेलात ठेवली की मऊ होते आणि मग झोळीसारखी लोंबते. तेल प्यायलेलं कातडं पुन्हा ताठ होत नाही. सुकलेल्या कातड्याला खालच्या बाजूने कातड्याचं मेण पातळ लावा, दोन दिवस थांबा, पुन्हा लावा. पुढचा ताणाचा नट एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

रॉड ब्रेक काढून साधे ब्रेक लावायला, रॉड ब्रेकच्या सायकलींना असणाऱ्या वेस्टवुड रिमला बाजूची सपाट भिंतच नसते. तिचा ब्रेक आतल्या, आरीकडच्या पृष्ठभागावर दाबतो. त्यामुळे हा सल्ला पाळायचा तर चाकंही बदलावी लागतील. ओल्या पोलादी रिमवर ब्रेक कमी लागतो हे मान्य, पावसाळ्यात अंतर राखूनच चालवा. बाकी वेळी रबर नवं असेल, रिम रॉकेलने पुसलेली असेल, रॉडचे सांधे तेलाने सुटे असतील आणि रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर असेल, तर तो नीट थांबवतो.

‘हबवरचा आकडा म्हणजे सायकलीचं वर्ष’, आणि लाखांची गोष्ट

एडब्ल्यूवर ५५ आणि बाजूला ३ असेल, तर हब मार्च १९५५ चा. चाक मागाहून बदललेलं असू शकतं, म्हणून तो आकडा सायकलीबद्दल फक्त अंदाज देतो. बिल्ल्यानेही फसगत होते. बीएसएचा सायकल विभाग १९५७ मध्ये रॅलेकडे गेला. १९६० मध्ये फिलिप्स आणि हर्क्युलिसही त्याच छत्राखाली आल्या. म्हणजे नंतरची बीएसए मूळच्या बर्मिंगहॅम कारखान्यातली नाही. शिवाय १९५० च्या दशकापासून आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासला हर्क्युलिस बनू लागल्या, त्यामुळे बिल्ल्यावरच्या नावावरून कारखाना ठरत नाही. त्यापेक्षा तपशील पाहा: रॅलेच्या चेनव्हीलमध्ये (पॅडलजवळच्या दातेरी चक्रात) बगळ्याची डोकी, रजच्या चेनव्हीलमध्ये हात, हंबरच्या फोर्कला दुहेरी नळ्या. चाकांत पुढे ३२ आणि मागे ४० आऱ्या असतील, तर ती जुनी इंग्लिश पद्धत.

किंमत ठरते ती मूळ रंग, मूळ हब आणि मूळ सीट किती उरलंय यावर. म्हणून विकत घेताना तीन फोटो मागा: हबवरचे आकडे, सीट लगवरचा नंबर, आणि बॉटम ब्रॅकेटच्या खालची बाजू. तिसरा फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर वरचा रंग ताजा आहे असं समजून भाव करा.