मानद सदस्य व्हायचंय? अवघड काय त्यात!

अल्फा कप्पा अल्फा या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या संघटनेचा गुलाबी-हिरवा रंग आणि गळ्यात मोत्यांची माळ तुम्हाला खुलून दिसेल, यात शंकाच नाही. कमला हॅरिस यांच्यामुळे हे नाव आपल्याकडेही पोचलं. पण त्या हॉवर्ड विद्यापीठात शिकताना रीतसर आत आल्या. तुम्ही कशाला एवढी यातायात करता? संघटनेचा इतिहास पाठ करणं, वर्गणी भरणं, पदवीनंतरही वर्षानुवर्षं मतदार नोंदणीच्या टेबलाशी बसणं ही कामं साध्या सदस्यांची. तुम्ही थेट मानद व्हा. मानद डॉक्टरेट मिळाली की आपल्याकडे दारावरची पाटी बदलायला सुतार लगेच येतो, तसंच हेही.

या संघटना निघाल्या कशाला, ते मात्र विचारू नका, रसभंग होतो. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटींची, म्हणजे विद्यार्थी-संघटनांची, दारं बंद होती, म्हणून 1906 साली कॉर्नेलमध्ये सात कृष्णवर्णीय मुलांनी अल्फा फाय अल्फा काढली, वगैरे वगैरे. तुम्हाला फोटोशी मतलब.

अर्जही शोधत बसू नका, बोलावणं यावं लागतं. त्यासाठी अरेथा फ्रँकलिनसारखं गा, डेल्टा सिग्मा थीटा ही अशीच दुसरी संघटना तुमची दखल घेईल. गळा बसलाय? मग मेरी चर्च टेरेल या कृष्णवर्णीय कार्यकर्तीसारखं चाला. 3 मार्च 1913 ला वॉशिंग्टनमध्ये स्त्री-मताधिकाराचा मोर्चा होता. कृष्णवर्णीय बायकांनी मागे राहावं, अशी काही गोऱ्या भगिनींची प्रेमळ सूचना होती. जेमतेम दोन महिन्यांची डेल्टा तरीही रस्त्यावर उतरली आणि पन्नाशीच्या टेरेलबाई त्या पोरींबरोबर चालल्या. तुम्हाला गुडघ्यांचा त्रास असेल, तर निदान एखादा राजीनामा द्या. मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला सभागृह नाकारलं, म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी 1939 मध्ये ते नाकारणारी 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही महिला संघटना सोडली. अल्फा कप्पा अल्फाच्या मानद यादीत त्यांचं नाव आहे. तुम्ही सोसायटीच्या कमिटीचा राजीनामा दिलात तरी चालतंय का बघा. पार्किंगवरून दिलेला बहुधा धरत नाहीत.

यातलं काहीच जमणार नसेल, तर फ्रेडरिक डग्लस यांचा मार्ग उरतो. गुलामीतून पळा, आयुष्यभर गुलामगिरीविरुद्ध बोला, लिहा, छापा आणि 1895 मध्ये मरा. अल्फा फाय अल्फा अकरा वर्षांनी जन्माला येईल आणि 1921 मध्ये तुम्हाला मानद सदस्य करून घेईल. फोटोचं तेवढं घरच्यांना आधीच सांगून ठेवा.