ग्रेनाडाच्या पदकांचा व्हायरल मेसेज : एकेक दावा तपासताना

दर ऑलिंपिकला हा मेसेज नव्याने फिरायला लागतो. पॅरिसनंतर तर त्याला ऊत आला. मजकूर थोडक्यात असा : कॅरिबियन समुद्रातला ग्रेनाडा हा चिमुकला देश. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. मैदानं नाहीत, पैसा नाही. पोरं दगडाने आंबे पाडता पाडता भालाफेक शिकतात. वेग रक्तातच आहे. क्रिकेटचं वेड नाही म्हणून बाकीचे खेळ बहरले. दरडोई पदकांत जगात पहिला नंबर, आणि आपण १४० कोटी असून पदकं सहा. शेवटी मान खाली घातलेली इमोजी.

देश लहान आहे एवढं खरं. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. बाकीचं बरंचसं चूक, नाहीतर अर्धवट.

‘दरडोई पदकांत जगात पहिले’

भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा फसवा. पॅरिसमध्ये ग्रेनाडाला दोन कांस्यपदकं मिळाली : भालाफेकीत अँडरसन पीटर्स आणि दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये लिंडन व्हिक्टर. साधारण ५७-५८ हजार माणसांमागे एक पदक.

आता पीटर्सची फेक बघा. ८८.५४ मीटर. चौथा आलेला चेक प्रजासत्ताकाचा याकुब वाडलेख ८८.५० वर थांबला. फरक चार सेंटीमीटरचा. तेवढा भाला अलीकडे पडला असता तर ग्रेनाडाचा दरडोई आकडा निम्मा झाला असता आणि डॉमिनिका, सेंट लुसिया दोघेही पुढे गेले असते. देशाच्या क्रीडाव्यवस्थेचं मोजमाप चार सेंटीमीटरवर निम्मं होत असेल, तर दोष मोजपट्टीचाच. लोकसंख्या लहान असली की आकडा असाच उड्या मारतो.

दुसरी गोष्ट, मोठ्या देशाला प्रवेशाची मर्यादा असते. अ‍ॅथलेटिक्सच्या एका वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू, रिलेला एकच संघ, हॉकीला एकच संघ. लोकसंख्या हजारपट असली म्हणून भालाफेकीत तीन हजार जण उतरवता येत नाहीत. १४० कोटींना पदकांनी भागणं म्हणूनच निरर्थक. भारताची कामगिरी चांगली होती असा याचा अर्थ नाही. ती वाईट असेल तर ते या भागाकाराने सिद्ध होत नाही, इतकंच.

तिसरी गोष्ट मेसेज सोयीस्करपणे गाळतो. शेजारचे अँटिग्वा-बार्बुडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट किट्स-नेव्हिस हे तिन्ही देश तितकेच लहान, तसाच समुद्र, तसेच लोक. पॅरिसपर्यंत तिघांच्या खात्यावर एकही ऑलिंपिक पदक नाही. सेंट किट्सचा किम कॉलिन्स २००३ साली १०० मीटरचा जगज्जेता होता, तरीही नाही. जिंकलेलं बेट निवडायचं आणि त्यावरून सगळ्या बेटांची गोष्ट रचायची, असा हा प्रकार.

‘काही नसताना अचानक पदकं आली’

अचानक? ग्रेनाडा पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला १९८४ साली, लॉस एंजेलिसला. त्याच्या नऊ महिने आधी अमेरिकी फौजा या बेटावर उतरल्या होत्या. तिथून २००८ च्या बीजिंगपर्यंत सात ऑलिंपिक, पदकं शून्य. अथेन्सला २००४ मध्ये अलेन फ्रान्सिकने ४०० मीटर ४४.६६ सेकंदांत संपवली आणि चौथा आला. कांस्य ४४.४२ ला गेलं. त्याच वर्षी तो इनडोअर जगज्जेता झाला होता. म्हणजे २०१२ च्या आधी पाया घातलेला होता, फक्त पदक नव्हतं म्हणून इकडे कुणाला पत्ता नव्हता.

मग गुयाव्ह या कोळ्यांच्या गावचा किरानी जेम्स आला. २०११ ला १८ व्या वर्षी ४०० मीटरचा जगज्जेता, लंडनला ४३.९४ सेकंदांत सुवर्ण. ४४ सेकंदांच्या आत धावलेला तो पहिला बिगर-अमेरिकी. रिओला रौप्य, टोकियोला कांस्य. पॅरिसच्या अंतिम फेरीत तो ४३.८७ धावला, लंडनच्या सुवर्णापेक्षा वेगात, आणि पाचवा आला. स्पर्धा किती वर गेली आहे ते या दोन आकड्यांत दिसतं. नुसत्या दैवी देणगीवर बारा वर्षं या पातळीला राहता येत नाही.

‘आंबे पाडता पाडता भालाफेक’

दगड मारून हाताला वेग येतो, हे मान्य. पण दगडाला दिशा नसते आणि भाल्याला असते. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, अडीच मीटरहून लांब. तो खांद्यावरून, त्याच्या लांबीच्या रेषेतच ओढावा लागतो. टोक जरा वर किंवा बाजूला गेलं की हवा त्याला ढकलते आणि अंतर जातं. शिवाय दगड मारायच्या सवयीने कोपर खाली आणि बाहेर येतं. तशा हाताने भाला टाकत राहिलं की कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट दुखावतं. नवशिक्याच्या हातात ९० मीटरसाठी बनवलेला ताठ भाला दिला तर हे आणखी लवकर होतं, कारण तो चुकीच्या कोनाला माफ करत नाही. त्याला मऊ, कमी अंतराचा भालाच द्यावा लागतो.

खरी ताकद पायातून येते. उजव्या हाताचा खेळाडू धावत येऊन डावा पाय समोर ताठ रोवतो. धावेचा वेग तिथे अडतो आणि कमरेतून खांद्याकडे जातो. यासाठी टाचेलाही खिळे असलेले बूट आणि सिंथेटिक रनवे लागतो. ओल्या गवतावर तो पाय घसरला की मागची सगळी धाव वाया. आंब्याच्या झाडाखाली हे शिकता येत नाही.

पीटर्सचा आलेख बघितला तरी कळतं. २०१६ च्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत नीरज चोप्राने ८६.४८ टाकून सुवर्ण घेतलं, तिथे पीटर्स ७९.६५ वर तिसरा. २०२२ ला दोह्यात ९३.०७, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या युजीनला ९०.५४ टाकून नीरजला मागे सारत तो दुसऱ्यांदा जगज्जेता. मध्ये टोकियोत अंतिम फेरीही गाठता आली नव्हती.

‘मैदानं नाहीत, पैसा नाही’

राजधानी सेंट जॉर्जेसमध्ये किरानी जेम्सच्या नावाचं अ‍ॅथलेटिक्स स्टेडियम आहे, चीनच्या मदतीने बांधलेलं. २०१६ आणि २०२४ च्या कॅरिफ्टा या कॅरिबियन कुमार स्पर्धा ग्रेनाडातच झाल्या. पैसा कमी आहे, हे खरं. आणि २००४ च्या इव्हान वादळाने जुनं स्टेडियम मोडलं, पॅरिसच्या तोंडावर १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ ग्रेनाडाच्याच कॅरिआकू बेटावर आदळलं, हेही खरं. पण ‘काहीच नाही’ म्हणणं म्हणजे तिथल्या माणसांनी केलेलं काम पुसून टाकणं.

ते काम असं चालतं. आधी माध्यमिक शाळांची ‘इंटरकॉल’. त्यातून निवडलेली पोरं ईस्टरच्या सुट्टीतल्या कॅरिफ्टाला. ही १९७२ पासून चालू असलेली कॅरिबियन बेटांची कुमार स्पर्धा. आणि तिथे अमेरिकी विद्यापीठांचे कोच घड्याळ घेऊन बसलेले. अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धांच्या पहिल्या विभागातल्या विद्यापीठाला पुरुष अ‍ॅथलेटिक्स संघासाठी २०२५ पर्यंत १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा होती. त्या अख्ख्या संघात वाटायच्या, म्हणून कुणाला अर्धी, कुणाला पाव. साहजिकच कोच पैसे लावतो ते लगेच गुण मिळवून देणाऱ्यावर. जेम्स अलाबामाला गेला, पीटर्स मिसिसिपी स्टेटला, व्हिक्टर टेक्सस ए अँड एमला. घोडं अडतं ते बहुतेकदा अभ्यासावर : शालेय परीक्षेतले ठरावीक विषय सुटले नसतील तर वेळ कितीही चांगली असो, प्रवेश मिळत नाही.

डेकॅथलॉनला तर हा मार्ग जवळजवळ सक्तीचा. दोन दिवसांत दहा प्रकार, त्यात पोल व्हॉल्टसाठी वेगवेगळ्या लांबीचे आणि ताठपणाचे पोल, आणि ते विमानाने न्यायचे म्हणजे दरवेळी नवी कटकट. व्हिक्टरचे पॅरिसमधले ८७११ गुण सुवर्णापेक्षा फक्त ८५ ने कमी होते. आणि ‘छोट्या देशांना सवलतीने प्रवेश मिळतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी : ती सवलत डेकॅथलॉनला लागूच नाही.

हा रस्ता फक्त बेटांसाठी आहे असंही नाही. आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत दोनदा राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता झाला तो याच वाटेने.

‘रक्तातच वेग’

ज्या जनुकाचा दाखला देतात त्याचा ‘वेगवान’ प्रकार केनियातही जवळपास सगळ्यांत सापडतो, आणि केनियाचा दबदबा लांब पल्ल्यात आहे. शिवाय ग्रेनाडाच्या पदकांत भालाफेक आहे, शेवटी १५०० मीटर धावायला लावणारं डेकॅथलॉन आहे. भालाफेकीत फिनलंड, चेक प्रजासत्ताक, पाकिस्तान, भारत. यांचं कुठलं समान रक्त?

‘क्रिकेट नाही म्हणून’

क्रिकेट आहे, चांगलं आहे. ग्रेनाडाचे खेळाडू वेस्ट इंडीजकडून खेळतात. यष्टिरक्षक ज्युनियर मरे १९९३ साली कसोटी खेळला. इव्हानने मोडलेलं मैदान २००७ च्या विश्वचषकासाठी नव्याने उभं केलं आणि तिथे सामने झाले. मार्च २०२२ मध्ये याच मैदानावर वेस्ट इंडीजने इंग्लंडला दहा गडी राखून हरवत कसोटी मालिका खिशात घातली. त्याच वर्षी पीटर्स भालाफेकीत जगज्जेता झाला.