यलोहॅमर हवा असेल तर बागेपेक्षा बांध बघा

यलोहॅमर या पिवळ्या डोक्याच्या छोट्या पक्ष्यावरचा लेख छान, पण त्यातलं ‘बागेत फीडर (दाण्यांचा डबा) टांगा, यलोहॅमर येईल’ हे वाचून लंडनची मंडळी उगाच आस लावून बसतील. हा शेतावरचा पक्षी, दाणे टिपतो ते जमिनीवर. घर शेताला लागून असेल तरच हिवाळा सरता सरता, रानातलं बी संपत आलं की, इतर पक्ष्यांच्या घोळक्यात एखादा उतरतो. एरवी बागेतला ‘पिवळा’ बहुधा ग्रीनफिंच नाहीतर सिस्किन निघतो. उडताना कंबर बघा. विटकरी असली आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या, तर तोच.

आम्ही इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यात राहतो. इथे हॉथॉर्नच्या काटेरी झुडपाच्या अगदी शेंड्यावर नर बसतो, डोकं मागे टाकतो आणि त्रि-त्रि-त्रि-त्रि-झीऽऽ. बाकीचे गवई जुलैत थंडावतात, हा ऑगस्टातही भर उन्हात चालूच! (सोलापूरकडे हिवाळ्यात ज्वारीवर येणारा काळ्या डोक्याचा भारीट याचाच भाऊबंद.)

लेखात एक गोष्ट मात्र राहून गेली. २००२ पासून हा ब्रिटनच्या रेड लिस्टवर, म्हणजे सर्वाधिक चिंताजनक स्थितीतल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. पूर्वी कापणीनंतर गहू-बार्लीची धसकटं हिवाळाभर तशीच राहायची, सांडलेल्या दाण्यांवर थवे जगायचे. आता शरदातच पुढचा गहू पेरतात. आणि घरटं हेजच्या (झुडपांच्या कुंपणाच्या) बुडाशी, गवतात. पिल्लं ऑगस्टपर्यंत असू शकतात. शेताकडेला घर असणाऱ्यांनी कुंपणाची छाटणी सप्टेंबरवर ढकलली तरी पुष्कळ.