‘कुत्रा आहे, भुंकणारच’ एवढ्यावर भागत नाही

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडच्या कॉलन्यांमध्ये कुत्र्यावरून कुरबुरी वाढतात आणि त्याबरोबर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा आशय असा : भुंकणं हा कुत्र्याचा हक्क आहे, कायदा कुत्रा पाळणाऱ्याच्या बाजूने आहे, रात्री 10 पर्यंत तर कोणी बोलूच शकत नाही. घरातल्यांना त्रास होत नाही, म्हणजे शेजारीच कुरकुरे. आणि फारच तक्रारी आल्या तर कुत्रा गेटजवळ बांधा, तोंडाला मुसकं घाला, नाहीतर ऑनलाइन मिळणारा करंटचा पट्टा लावा. दोन दिवसांत गप्प होईल.

पाळणारी माणसं धीर मिळावा म्हणून तो पुढे पाठवतात. त्यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे. शेवटचे सल्ले मात्र कुत्र्याच्या जिवावर बेतणारे आहेत.

‘कायदा कुत्रा पाळणाऱ्याच्या बाजूने आहे’

अर्धं खरं ते हेच. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळण्यावर बंदी आणता येत नाही. पण सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, विशेषतः रात्री कुत्र्याला शांत ठेवा, असंही त्याच सूचनांमध्ये पाळणाऱ्यांना सांगितलं आहे. मेसेजमध्ये पहिलं वाक्य घेतलं, दुसरं गाळलं.

रात्री 10 चा आकडा लाउडस्पीकरच्या बंदीमुळे लोकांच्या डोक्यात बसला आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये निवासी भागासाठी सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल अशी पातळी ठरवलेली आहे. म्हणजे दिवसालाही मर्यादा आहेच. मोठा कुत्रा जवळून भुंकला तर आवाज 80-90 डेसिबलपर्यंत सहज जातो. दारावर कोणी आलं आणि कुत्रा चार वेळा भुंकला, यावरून कोणी कोर्टात जात नाही. पण रोजचा तासन्‌तास त्रास असेल तर शेजारी दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागू शकतो. गोष्ट तिथवर जायचं कारणच नाही, कारण बहुतेक भुंकणं आटोक्यात आणता येतं.

‘आम्हाला तर ऐकूच येत नाही’

ही तक्रारीतली सगळ्यात मोठी गाठ आहे आणि पाळणारा इथे खोटं बोलत नसतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास असतो. पाळणारा खोलीत झोपलेला, खिडकीला डेझर्ट कूलर पूर्ण वेगाने चालू. त्या घरघरीत अंगणातला स्वतःचा कुत्रा ऐकू येत नाही. शेजारचे आबा मात्र गच्चीवर खाट टाकून झोपलेले. मध्ये ना भिंत, ना खिडकी.

म्हणून आधी मोजा. एखादा जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर टाकून शेजाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर आठ रात्री ठेवा. तुम्ही बाहेर जाता तेव्हा दिवसाही तसंच करा. वहीत तीनच रकाने हवेत : वेळ, किती मिनिटं, त्याआधी काय झालं. रेकॉर्डिंग ऐकताना आवाजाची जात ओळखा. एकदम जोरात सुरू होऊन मिनिटभरात थांबतं ते कुणाला तरी पाहून. एकाच सुरात, थांबून थांबून तासभर चालतं ते बहुतेक कंटाळ्याने, बांधून ठेवल्याने. तुम्ही निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बारीक रडका सूर, हेल काढणं, दार खरवडणं, हे एकटेपणाच्या भीतीचं लक्षण आहे. म्हातारा कुत्रा कधी नव्हे तो रात्री भुंकायला लागला असेल तर शिकवणं वगैरे बाजूला ठेवून पशुवैद्यकाकडे न्या. दुखणं, कमी ऐकू येणं, वयाने गोंधळणं यातलं काहीतरी असतं.

कुत्र्याची जागा बदलण्यातही बराच फरक आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. शेजाऱ्यापासून 3 मीटरवर झोपणारा कुत्रा 12 मीटरवर नेला तर 12 डेसिबलचा फरक पडतो. रो-हाउस असेल आणि अंतर मिळत नसेल तर रात्री कुत्रा घरात घ्या, कूलर असलेल्या खोलीतच. त्याला गारवा मिळतो आणि बाहेरचे आवाजही त्याच्यापर्यंत कमी पोचतात.

‘गेटजवळ बांधा, राखणही होते’

गेटजवळ बांधलेला कुत्रा राखण शिकत नाही, भुंकायला शिकतो. रस्त्याने माणूस जातो, कुत्रा भुंकतो, माणूस पुढे निघून जातो. कुत्र्याच्या लेखी आपण भुंकलो म्हणून तो गेला. दिवसातून पन्नास वेळा हा धडा पक्का होतो. त्यात साखळी आखूड असेल तर वैताग वाढतो आणि भुंकणंही. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, हे दोन्ही गुन्हे आहेत.

उपाय स्वस्त आहे. गेटच्या जाळीतून त्याला रस्ता दिसता कामा नये. शेतात वापरतात ती हिरवी शेडनेट घ्या. 50 टक्के सावली देणारी आरपार दिसते, म्हणून 90 टक्क्यांची, नाहीतर दुहेरी. जमिनीपासून 4 फुटांपर्यंत ताणून नायलॉन टायने बांधा आणि खाली 2 इंचांपेक्षा जास्त फट ठेवू नका, नाहीतर तो तिथे नाक लावून बसेल. पत्रा लावू नका. उन्हात तापतो आणि वाऱ्याने वाजला की त्याच आवाजावर कुत्रा उठतो.

मुसकं आणि करंटचा पट्टा

कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामेजत नाही. तोंड उघडं ठेवून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हाच त्याचं अंग थंड होतं. तोंड आवळून बांधणारं मुसकं आपल्या उन्हाळ्यात काही मिनिटांतही त्याला उष्माघाताकडे नेतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस. 41 च्या वर गेलं की जीव धोक्यात. दवाखान्यात नेताना पिंजऱ्यासारखं, आत तोंड उघडता येईल असं मुसकं थोडा वेळ घालायला हरकत नाही. भुंकू नये म्हणून ते घालायचं नाही.

करंटच्या पट्ट्याची अडचण वेगळी. झटका बसतो तेव्हा कुत्रा ज्याच्याकडे पाहत असतो, दुखण्याचं खापर तो त्याच्यावर फोडतो. समोर शेजारच्यांचा मुलगा असेल तर पुढच्या वेळी भुंकणं राहील बाजूला, कुत्रा थेट चावायला धावेल.

मग शिकवायचं कसं

ओरडून नाही. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं घरचेही सोबत भुंकताहेत. तो दोन-तीनदा भुंकला की शांत आवाजात एकदाच ‘बस’ म्हणा आणि खाऊचा नखाएवढा तुकडा नाकाशी धरा. हुंगताना भुंकता येत नाही. 2 सेकंद गप्प राहिला की तुकडा द्या. मग 5, 10, 30 सेकंद असं वाढवत न्या. एका वेळी 5 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन आठवडे. तुकडा साध्या भाकरीचा चालेल. शेवभाजी-भरितात बुडवलेला नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो.

लक्ष वेधायला भुंकत असेल तर त्याच्याकडे पाहूसुद्धा नका. सुरुवातीचे काही दिवस भुंकणं उलट वाढतं, आणि इथेच घरातलं कोणीतरी हार मानतं. दहाव्या मिनिटाला दार उघडलं की दहा मिनिटं भुंकायचं असतं, एवढंच तो शिकतो. ही गोष्ट आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

फिरवणं उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री 8 नंतर. डांबरावर हाताची पाठ 7 सेकंद टेकवून बघा; चटका बसला तर कुत्र्याचे पंजेही भाजतील.

रात्री पोट तुडुंब भरलं की झोपतो, हेही ऐकायला मिळतं. उलट तो रात्री दोन वाजता बाहेर जाण्यासाठी उठवतो. जेवण साडेसातला, शेवटची फेरी 10 च्या सुमारास. नसबंदीने भटकणं आणि माजावरचा दंगा कमी होतो, गेटवरचं भुंकणं नाही.

शेजाऱ्याशी बोलताना

‘कुत्रं आहे, भुंकणारच’ याऐवजी विचारा : ‘आबा, जास्त त्रास कोणत्या वेळेला होतो? सलग असतो की थांबून थांबून? तुम्ही गच्चीवर झोपता की मागच्या खोलीत?’ उत्तरं वहीत लिहा. तुमचा नंबर द्या आणि सांगा की आम्ही घरी नसताना तो अर्ध्या तासाच्या वर भुंकला तर फोन करा. रेबीजच्या लशीचा दाखला हाताशी ठेवा. शेजाऱ्यांपैकी कोणी दगड मारणं किंवा विष घालण्याची भाषा करत असेल तर त्यालाही स्पष्ट कळू द्या की जनावर मारणं, विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण ते त्याच्यापुरतं, बोलण्याची सुरुवात तिथून नको.

पंधरा दिवसांनी त्यांनी बोलावण्याची वाट न पाहता त्यांच्या ओट्यावर जा आणि वहीतले आकडे दाखवा : आधी रात्री किती वेळा, किती मिनिटं, आता किती. जे अजून बाकी आहे तेही सांगा, उदाहरणार्थ पहाटे पाचला दूधवाला येतो तेव्हाचं भुंकणं, आणि आबांकडून दूधवाल्याला दोन घरं अलीकडे गाडी उभी करायला सांगता येईल का, ते विचारा.