श्रावणात मांसाहारी पाहुणी

अन्नावर माशा बसू नयेत म्हणून घालायचं जाळीचं झाकण आमच्या घरात हल्ली माशा आत राहाव्यात म्हणून वापरतात. आत मँटिस आहे, म्हणजे पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरून बसणारा शिकारी किडा. गॅलरीतल्या जास्वंदीवर सापडलेली ही हिरवी बाई कन्येने उचलून आणली आणि बघता बघता सगळं घर तिच्या जेवणाच्या वेळा पाळू लागलं.

लोक मांजर सोडून हे का पाळतात, असं मी विचारलं. कन्येचं उत्तर तयार होतं. जागा लागत नाही, वास नाही, आवाज नाही आणि आयुष्य जेमतेम वर्षभराचं. म्हणजे ती हॉस्टेलला गेली तरी आमच्या गळ्यात कायमचं लोढणं नाही. खरं कारण मला पेपर वाचताना कळलं. ही बघते! तिकोनी डोकं वळवून थेट आपल्याकडे बघते आणि डोळ्यातला काळा ठिपका आपण जाऊ तिकडे सरकतो. ते बुबुळ नव्हे, नुसता भास आहे, असं कन्या म्हणाली. असेल. पण या घरात माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कोणी बघितल्याला बरीच वर्षं झालीत.

नजर मात्र भलतीच पक्की. न्यूकॅसल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मँटिसांना मेणाने चिमुकले थ्रीडी चष्मे चिकटवून पडद्यावर किड्यांचा सिनेमा दाखवला. पडद्यावरचा किडा टप्प्यात आल्यासारखा वाटला की प्रेक्षक झडप घालत. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. माझ्या चष्म्याची काडी तेव्हापासून सेलोटेपवर आहे.

आमची हायरोड्युला जातीची मँटिस. धिप्पाड, काटक, समोर येईल ते खाणारी, म्हणून नवशिक्यांना हीच देतात. शौकीन लोक पुढे ऑर्किड मँटिसकडे वळतात. आग्नेय आशियातली ही गोरीगुलाबी मादी स्वतःच फूल होऊन बसते आणि मध शोधत आलेल्याला गिळते. नवरा तिच्या निम्म्याहूनही लहान. आफ्रिकेतली घोस्ट मँटिस वाळक्या पानासारखी दिसते आणि त्यातल्या त्यात शांत, पोटभर मिळालं तर चारचौघीत नांदते. व्हायोलिन मँटिस आपल्या दक्षिण भारतातली, पण नखरे परदेशी पाहुण्याचे: भरपूर ऊब हवी आणि जेवण उडतं हवं.

जेवण हाच खरा ताप. हिला हलणारंच लागतं. निपचित पडलेल्या माशीकडे ढुंकून बघत नाही. पेस्ट कंट्रोल बंद झालं, कारण औषध खाल्लेलं झुरळ हिला बाधेल. चिलटं पैदा करायला मी भाजीवाल्याकडे सडकी केळी मागितली. त्याने हळूच विचारलं, "साहेब, नोकरी चालू आहे ना?"

त्यात श्रावण. कांदा-लसूणही बंद असलेल्या घरात ही जिवंत झुरळ डोक्याकडून सुरू करून मक्याच्या कणसासारखी कुरतडते. आधी "हात जोडून बसते, किती सात्त्विक!" म्हणणारी आई तेव्हापासून तिकडे पाठ करून जपमाळ ओढते. आणि अचानक हिने खाणं सोडलं. जाळीला उलटी लटकून गप्प. आई विरघळली. "बघा, मुक्या जिवाला कळतं. सोमवार धरलाय तिने."

कन्या म्हणाली, कात टाकणार आहे. पडली तर पाय वाकडे होतील, मरूही शकेल. झालं! पंखा बंद, दार आपटायचं नाही, मिक्सर नाही. चटणी पाट्यावर. घामाघूम होऊन आम्ही टीव्ही आवाज बंद करून बघितला. सकाळी एक पोकळ मँटिस जाळीला लटकलेली आणि शेजारी दुसरी, ओलसर, पंखवाली. उपास फळाला आला, असं आईने शेजारी सांगितलं.

पंख फुटले म्हणजे वयात आली. पोटाखालची वळी मोजायची: मादीला सहा, नराला आठ. कन्येने दोनदा मोजून मुलगीच असल्याचं जाहीर केलं आणि तिच्या कुठल्याशा ग्रुपवर स्थळ शोधायला घेतलं. आईने सवयीने विचारलं, "मुलगा काय करतो?" यावर कोणी बोललं नाही.

पद्धत साधी आहे म्हणे. आधी मुलीला गळ्यापर्यंत जेवू घालायचं आणि मगच मुलगा दाखवायचा, म्हणजे तो परत जाण्याची थोडी तरी शक्यता राहते. कार्यक्रम रविवारी ठरलाय. कांदेपोह्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. काल रात्रभर टॉर्च घेऊन मोरीत बसलो होतो, चारच मिळाले.