‘विंडोज मागितलं, फुकटचं लिनक्स टाकलं’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार मालक,

विंडोज मागितलं असताना आम्ही फुकटचं लिनक्स (विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी मोफत सिस्टिम) टाकून पैसे घेतले, यूट्यूब अडकतं, आणि नेटवर याहून हलकी सिस्टिम मिळते, असं तुम्ही लिहिलंय. नवी पेठेत दुकानात येणारे बरेच जण हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा लॅपटॉप थर्ड जनरेशन आय3, रॅम 4 जीबी. त्यावरच्या विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. तपासणी चुकवून ते बसवता येतं, बसवून देणारेही आहेत. मी देत नाही. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि लॅपटॉप वापरणाऱ्या तुमच्या मुलीच्या परीक्षेच्या तोंडावर काही बिघडलं तर तिचं नुकसान. म्हणूनच पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) चालू करून तिच्या हातात दिलं होतं. तिनं वापरून बघितलं, तुम्ही हो म्हणालात, मगच टाकलं.

मिंट मोफतच आहे, त्याचे पैसे घेतले नाहीत. बिल एसएसडीचं (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवलेली वेगवान डिस्क), डेटा कॉपीचं आणि साफसफाईचं आहे. पंखा उघडला तेव्हा हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीवर सुताची धूळ थापलेल्या लोकरीसारखी बसली होती. लूमजवळ ठेवलेल्या मशीनचं असंच होतं. गरम हवा बाहेर पडली नाही की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, मग सिस्टिम कुठलीही असो.

अँटीएक्स, पपी हे लिनक्सचेच दुसरे प्रकार मिंटपेक्षा हलके, हे खरं. 1 जीबी रॅमचं मशीन आलं तर मीही अँटीएक्सच टाकतो. पण 4 जीबीवर रॅम खातो तो ब्राउझर; सिस्टिममध्ये वाचवलेलं चार टॅब उघडले की संपतं. वायफाय, प्रिंटर, अपडेट मुलीला कुणाला न विचारता जमलं पाहिजे, म्हणून मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडली. टाकलेल्या मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत.

यूट्यूब अडकतं हे मान्य, पण ते विंडोजवरही अडकलं असतं. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी9 किंवा एव्ही1 या नव्या पद्धतींनी दाबून लहान करून पाठवतं. ते उलगडायची सोय तुमच्या ग्राफिक्समध्ये नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्समध्ये एच.264 या जुन्या, तुमच्या ग्राफिक्सला जमणाऱ्या प्रकारात व्हिडिओ मागवणारं छोटं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची सोय) टाकायचं आणि व्हिडिओ 720 वर बघायचा. लॅपटॉप घेऊन या, समोर बसून करून देतो, पैसे नाहीत.

टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) किंवा जुन्या फॉन्टमधलं मराठी टायपिंग करायचं असेल तर मात्र सांगा, त्याला मिंट सोयीचं नाही. तुमची जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट तुमच्याकडेच दिली आहे. म्हणाल तर तीच परत लावून देईन, फक्त तिच्यावरून बँकेचे व्यवहार करू नका.